पंखा जड आहे

प्युजेट साउंडमध्ये शिडाची बोट बाळगायची तर उन्हाळ्यात इंजिनाशिवाय पान हलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सिएटलच्या आसपास ऊन लख्ख असतं, पाणी निवांत असतं आणि वारा बेपत्ता. लोकांना सुट्ट्या असतात, जो तो सान हुआन बेटांकडे निघतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शिडं डोलकाठीला मलूल लटकून राहतात. वारा आलाच तर नको तेव्हा येतो, आणि बहुतेक वेळा नाकासमोरून. म्हणून इथल्या कितीतरी शिडाच्या बोटी वर्षाकाठी शिडावर चालतात तितक्याच डिझेलवरही चालतात.

पण धक्क्यावरच्या गप्पा ऐका. शिडाचं कापड कुठलं, त्याला पोट किती ठेवायचं, दोर किती ताणायचा यावर लोक तासन्‌तास बोलतात. पाण्याखालचा सोळा इंची पंखा सबंध बोट ढकलत असतो, त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. बोट घेताना जो आला तो आला. मला हे फार खटकतं. शिडाच्या बोटीचं चांगलं इंजिन पुष्कळदा पंख्यापायी मरतं, आणि मरताना कुरकुरतही नाही. उलट शहाण्यासारखं वागतं, आवाज कमी करतं, फेरे कमी ठेवतं, आणि मालकाला वाटतं की आपलं इंजिन किती शांत आहे.

आमची 'मतलई' १९९१ सालची, ३४ फुटी. सिएटलच्या शिलशोल मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर, असते. इंजिन यानमारचं ३जीएम३०: तीन सिलिंडर, लिटरभरापेक्षाही कमी आकारमान, मिनिटाला ३६०० फेऱ्यांना २७ अश्वशक्ती आणि सतत चालवायचं तर ३४०० फेऱ्यांना २४. जगभरच्या शिडाच्या बोटींत हे इंजिन हजारोंनी बसवलं गेलं आणि आजही निमूट काम करतंय. पंखा मॅक्स-प्रॉप, तीन पात्यांचा. तो आधीच्या मालकाने बसवला होता आणि पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, तोही त्यानेच लावून ठेवला होता.

माझे बाबा रत्नागिरीचे. आयुष्यभर मिरकरवाड्यावर मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा अर्थातच पहिल्या शनिवारी त्यांना बोटीवर नेलं. आम्ही त्यांना डोंगर दाखवत होतो, रेनिअरचा बर्फ दाखवत होतो. त्यांचं लक्ष मागे होतं. बोटीच्या पांढऱ्या पाठीवर एक्झॉस्टच्या भोकाभोवती काजळीचा काळा पट्टा धरला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, मग नवऱ्याला म्हणाले, "जावईबुवा, जरा पूर्ण थ्रॉटल द्या." त्याने लिव्हर टोकाला नेला. इंजिनाचा आवाज भरला, काटा २८०० वर आला आणि तिथेच अडला. मागून काळा धूर.

"हिचा पंखा जड आहे," बाबा म्हणाले.

जड म्हणजे वजनाने नव्हे, पिचने. तेव्हा पिच म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. पाण्याऐवजी एखाद्या घट्ट पदार्थातून पंखा फिरत गेला असता, तर एका फेऱ्यात जेवढं अंतर तो पुढे सरकला असता तेवढा त्याचा पिच. पंख्यावर १६ बाय ११ असं ठोकलेलं असेल, तर व्यास १६ इंच आणि पिच ११ इंच. पाणी घट्ट नसतं, मागे सटकतं, त्यामुळे बोट प्रत्यक्षात बरीच कमी सरकते. शिडाच्या जड बोटींत ही घसर चाळीस टक्क्यांच्या घरात जाते आणि त्यात बिघाड काही नाही. पाणी मागे ढकललं गेलं तरच बोट पुढे जाणार.

पिच जास्त म्हणजे पात्यांचा तिरपेपणा जास्त, म्हणजे दर फेऱ्याला जास्त पाणी ओढायचं. ऐकायला छान वाटतं. पण शिडाच्या बोटीच्या वेगाला एक छत असतं. पाणरेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. जो आकडा येतो त्याच्या पुढे साधी जड बोट सहसा जात नाही, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसते. 'मतलई'ची पाणरेषा २८ फूट, म्हणजे छत ७.१ नॉट, तासाला ७.१ सागरी मैल. पिच कितीही वाढवा, बोट सातच्या पुढे जाणार नाही. वाढतं ते फक्त इंजिनावरचं ओझं.

आणि डिझेल इंजिनाच्या स्वभावामुळे हे ओझं डोळ्यांना दिसत नाही. गाडीच्या पेट्रोल इंजिनाची सवय असलेल्यांना वाटतं, लिव्हर पुढे ढकलला की आपण इंधन वाढवतो. बोटीवरच्या अशा डिझेलमध्ये तो लिव्हर फक्त फेरे मागतो. मागितलेले फेरे टिकवायला किती डिझेल सोडायचं ते गव्हर्नर ठरवतो. तुम्ही २२०० मागितले आणि पंखा जड असला, तर गव्हर्नर गुपचूप जास्त डिझेल सोडतो आणि २२०० टिकवतो. काट्यावर सगळं आलबेल. आत मात्र प्रत्येक फेऱ्याला नेमस्तापेक्षा जास्त डिझेल जळतंय. थ्रॉटल पूर्ण उघडला की गव्हर्नरकडे सोडायला आणखी काही उरत नाही, इंजिन अडतं. सिलिंडरमध्ये हवा तेवढीच, डिझेल जास्त, ते पुरतं जळत नाही, त्याची काजळी होते. ती काजळी एक्झॉस्टच्या वाकणात जमते, जिथे गरम धुरात समुद्राचं पाणी मिसळतं. वाकण अरुंद होत जातं, धूर बाहेर पडायला अडखळतो, इंजिनाची आणखी घुसमट. व्हॉल्व्ह तापतात, पाण्याचं तापमान चढतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, आणि एक दिवस कोणीतरी म्हणतं, इंजिन म्हातारं झालं.

बाबांनी हे एका वाक्यात सांगितलं: "आंबा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवल्यासारखं चाललंय तुमचं."

त्यांचं एक मला फार आवडतं. निदान तोंडातून आलं तरी ते त्यावर विसंबत नाहीत. पंख्याला हात लावायच्या आधी त्यांनी बाकी सगळं तपासायला लावलं. सुरुवात न्यूट्रलपासून. इंजिन गरम झाल्यावर, पंखा फिरत नसताना, थ्रॉटल पूर्ण. काटा ३८०० च्या आसपास गेला. म्हणजे केबल पुरती ओढली जातेय, गव्हर्नर ठीक आहे. मग काटा खरं बोलतो का ते पाहिलं. जुन्या बोटींवर फेऱ्यांचा काटा अल्टरनेटरवरून चालतो. पट्टा ढिला असला किंवा कधी पुली बदलली असली तर तो बेधडक खोटं सांगतो. क्रँकच्या पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून, हातातल्या प्रकाशाच्या टॅकोमीटरने मोजलं. फरक नगण्य. मग पाणबुड्याला बोलावून पंखा घासून घेतला. चिकटून वाढणाऱ्या कवचवाल्या समुद्री जिवांचा पातळसा थर जरी पात्यांवर धरला तरी कित्येकशे फेरे खाऊन टाकतो, आणि लोक पंखा बदलतात. आमचा पंखा बराच स्वच्छ निघाला. घासल्यानंतरही तेच २८००.

"अगं, रिकामं पळतंय ना तीन हजार आठशे? मग इंजिनाला काही झालेलं नाही. ओझं खाली आहे."

"पण बाबा, तुम्ही ट्रॉलरचं बघत आलात. शिडाच्या बोटीचं गणित निराळं असेल ना?"

"पाणी तेच आहे ना?"

ट्रॉलरचं गणित मी लहानपणी मिरकरवाड्यावर पाहिलं होतं, समजलं मात्र आत्ता. जाळं ओढणारी बोट दोन-तीन नॉटने रखडत चालते. बंदरातून बाहेर पडताना आणि परतताना तीच बोट रिकामी धावते. दोन्ही कामांना पंखा एकच. धावण्यासाठी पिच लावला तर जाळं टाकल्यावर इंजिन बसतं. ओढण्यासाठी लावला तर धावताना बोट थोडी मागे पडते. बंदीच्या काळात, जून-जुलैमध्ये, बोटी वर ओढून शाकारल्या की पंखे उतरवून कारखान्यात जायचे. पितळी पाती ठोकून ठोकून बेतलेल्या साच्यावर बसवायचे. तांडेल आणि बाबा यांची तिथे कडाक्याची हुज्जत चालायची. तांडेलाला परतीची धाव हवी असायची, बाबांना जाळ्याची ओढ. बहुतेक वेळा जाळं जिंकायचं, कारण पोट जाळ्यावर होतं.

शिडाच्या बोटीलाही अगदी हाच प्रश्न आहे: पिच कुठला दिवस डोळ्यांसमोर ठेवून लावायचा?

सपाट पाण्यात, वारा नसताना, सहा नॉटने जायचं असेल तर जड पंखा खुशाल चालतो. फेरे कमी, आवाज कमी, गप्पा मारता येतात. आमच्या धक्क्यावरचे एक अनुभवी गृहस्थ मुद्दाम असाच पिच ठेवतात आणि मला तो पटवून द्यायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर, बऱ्यापैकी ओझ्याखाली चाललं तर तेवढ्याच कामाला डिझेल थोडं कमी लागतं. मोठ्या जहाजांवर म्हणूनच चालता चालता पिच बदलता येतो. नॉर्वेतल्या बर्गेनच्या साब कंपनीची छोटी इंजिनंही तशाच पंख्यांबरोबर यायची. मच्छीमार उभ्या जागेवरून चाक फिरवून पात्यांचा कोन बदलायचा, इतका की बोट उलटी जायची आणि रिव्हर्स गिअरची गरजच उरायची नाही. ब्रंटन्स कंपनीचा ऑटोप्रॉप पाण्याच्या दाबाने आपला पिच आपणच ठरवतो. असं काही असतं तर मीही शांत दिवशी पिच वाढवला असता. आमच्यासारख्यांचा पिच एकदा लावला की पुढच्या वेळी बोट पाण्याबाहेर काढेपर्यंत तोच. मग तो चांगल्या दिवसासाठी का लावायचा? चांगल्या दिवशी इंजिन बंद पडलं तरी काय बिघडतं, पाण्यावर बसून चहा प्यायचा.

वाईट दिवशी मात्र घोडं पेंड खातं. वारा नाकावर, लाट उभी, बोटीचा वेग सहावरून साडेतीनवर. वेग कमी झाला की पात्यावर पाणी पूर्वीपेक्षा जास्त आडव्या कोनातून येतं. पातं त्याच फेऱ्यांना जास्त घट्ट चावतं, म्हणजे ओझं वाढतं. म्हणजेच सपाट पाण्यात जो पंखा इंजिनाला कसाबसा पेलतो, तो समोरच्या लाटेत पेलत नाही. सपाट पाण्यात २८०० वर अडणारं इंजिन अशा वेळी २४०० वर येतं, आणि २४०० ला या इंजिनाकडे २७ अश्वशक्ती नाहीतच. शक्ती फेऱ्यांतून येते. फेरेच मिळाले नाहीत, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अंगावर किनारा असताना आपण २७ घोड्यांची बोट घेऊन १८ घोड्यांवर झुंजत असतो.

म्हणून इंजिन बनवणारे सांगतात तो नियम मला शंभर टक्के मान्य आहे. बोट भरलेली, टाक्या भरलेल्या, तळ स्वच्छ, पाणी सपाट आणि खोल. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिनाने आपले ठरलेले फेरे गाठलेच पाहिजेत, शंभरभर जास्त गेले तर उत्तम. रोज तेवढ्यावर चालवायचं नसतं. पंख्याची भूक फेऱ्यांच्या साधारण घनाप्रमाणे वाढते. ऐंशी टक्के फेऱ्यांना तो जवळजवळ निम्मीच शक्ती मागतो. ३६०० गाठू शकणारं इंजिन २९०० वर चालवलं तर ते निम्म्या ताकदीवर, आरामात असतं. २८०० ला अडणारं इंजिन २६०० वर चालवलं, तर काटा कमी दिसतो, आवाज कमी येतो, आणि बिचारं जवळजवळ छाती फुटेस्तोवर ओढत असतं. दोन्ही बोटी शेजारून सारख्याच वेगाने गेल्या तर लोक दुसऱ्या बोटीच्या इंजिनाचं कौतुक करतील.

शीड आणि पंखा यांचं भांडण तसं जुनं आहे. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथने आपल्या पंख्याचं पेटंट घेतलं. लंडनच्या कालव्यात त्याच्या बोटीची चाचणी चालू असताना लांबलचक लाकडी स्क्रूचा निम्मा भाग तुटून पडला, आणि बोट मंदावण्याऐवजी जोरात पळाली. पंख्याच्या बाबतीत 'जास्त म्हणजे चांगलं' हे गृहीतक तिथेच मोडलं. पुढे ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर शिडं आणि पंखा दोन्ही आले, तेव्हा शिडावर जाताना मागे घसटणारा पंखा डोकेदुखी झाला. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या एचएमएस वॉरियरवर पंखा पाण्याबाहेर उचलून घेण्याची सोय होती. शेकडो नौसैनिकांनी दोर ओढून तो वर घ्यायचा. ते जहाज आजही पोर्ट्समथला उभं आहे.

आमच्या बोटीवर शेकडो माणसं नाहीत, म्हणून मॅक्स-प्रॉप. इंजिन बंद करून शाफ्ट थांबवला की पाण्याच्या रेट्यानेच त्याची पाती वळून प्रवाहाला समांतर होतात. एरवी तीन पात्यांचा साधा पंखा शिडावरच्या बोटीचा अर्धा ते एक नॉट खाऊन टाकतो. इथल्या मंद वाऱ्यात शिडाखाली जेमतेम चार मिळतात; त्यातला एक गेला तर उरलं काय? रिव्हर्सला टाकलं की हीच पाती पार उलटी फिरतात आणि तीच पुढची धार पाण्याला सामोरी जाते, त्यामुळे मागे जायची ताकदही चांगली. वळताना खालून 'ठक्‌' असा आवाज येतो. नवखे पाहुणे दचकतात.

पाती सपाट असतात, साध्या पंख्यासारखा पीळ त्यांना नसतो. म्हणून इथे पिच इंचांपेक्षा अंशांत मोजणं सोपं. मध्यापासून टोकाकडे सत्तर टक्क्यांवर हिशेब धरला, तर १६ इंची पंख्याला २० अंश म्हणजे पावणेतेरा इंच पिच, १८ अंश म्हणजे साडेअकराच्या जरा आत, १६ अंश म्हणजे दहाच्या किंचित वर. बाबांनी हे गणित मला माझ्याच वहीत करायला लावलं. गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.६१. इंजिन २८०० फिरतं तेव्हा शाफ्ट १०७० च्या आसपास. पावणेतेरा इंचांनी गुणलं तर घसर न धरता सव्वाअकरा नॉट. आता पाण्याला तेवढंच मागे ढकलायचं, पण इंजिनाला ३५५० फेरे द्यायचे, तर पिच किती हवा? दहा इंच. म्हणजे १६ अंश. कागदावर इतकं नीटनेटकं उत्तर आल्यावर बाबांना ते संशयास्पद वाटलं. "आधी उघडून बघू, आत वीसच आहे का," म्हणाले.

बोट बाहेर काढायचा दिवस यार्डातल्या जेवणाच्या सुट्टीचा धरला. त्या वेळात बोट क्रेनच्या पट्ट्यांवरच लटकवून ठेवतात, खाली टेकवत नाहीत, आणि पैसे कमी घेतात. काम मात्र तेवढ्यात उरकायला लागतं. 'मतलई' पट्ट्यांमध्ये पाणी निथळत लटकली होती, सुकाणू डोक्याच्या उंचीवर, आणि त्याच्यापुढे पंखा. टोकाचा झिंक, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, अर्धा खाल्लेला होता. तो काढला. मग हबचे दोन अर्धे धरून ठेवणारे स्क्रू. प्रत्येक स्क्रूला आडवी पिन, ती सरळ करून ओढायची. बाबांनी खाली जुना टॉवेल अंथरला होता आणि जे जे निघेल ते निघाल्या क्रमाने त्यावर मांडायचं, मध्ये बोलायचं नाही, असा दंडक होता.

हबचा पहिला अर्धा सुटला तेव्हा आतलं ग्रीस दिसलं, बाहेरच्या बाजूला पाण्याने पांढुरकं झालेलं, आत अजून स्वच्छ. ते बोटाने निपटून काढल्यावर दाते दिसले. मधोमध शंकूच्या आकाराचा दातेरी तुकडा, आणि तिन्ही पात्यांच्या बुडांना तसेच तिरपे दाते, त्या शंकूत बसलेले. म्हणूनच एक पातं फिरवलं की तिन्ही एकदम फिरतात. शंकूच्या बुडाशी अक्षरं ठोकलेली असतात, समोर खूण. कुठलं अक्षर खुणेसमोर आलं की पाती पुढच्या बाजूला किती अंशांवर थांबतील, याचा तक्ता असतो. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा अगदी दात्यांशी नेला आणि अक्षर वाचलं. तक्त्यात पाहिलं. वीस.

आधीच्या मालकाने असं का लावलं असेल यावर आम्ही नंतर बोललो. बहुधा त्यालाही शांत दिवस आवडत असावेत.

शंकू सोडवून, फिरवून, सोळाच्या अक्षरावर बसवला. पाती एकेक करून लावताना प्रत्येकाच्या बुडावरची खूण जुळतेय का ते दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलं. एखादं पातं एका दात्याने जरी चुकलं, तर पंखा थरथरतो आणि शाफ्टचं बेअरिंग खातो. नवं ग्रीस दाबून भरलं. हब बंद केल्यावर बाबांनी पाती हाताने पुढे, मागे आणि मग समांतर करून पाहिली. बोटांनी पुरेसं हलकं फिरतंय याची खात्री झाल्याशिवाय त्यांनी पिना ठोकू दिल्या नाहीत. कोन मोजायच्या साधनावर तिन्ही पाती सोळाच्या अगदी जवळ. नवा झिंक लावेपर्यंत क्रेनवाला डबा धुऊन परत आला होता.

चाचणी जेफरसन हेडच्या पुढे, खोल पाण्यात घेतली. टाक्या भरलेल्या, चार माणसं वर, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा विरुद्ध, म्हणजे जीपीएसच्या वेगाची सरासरी काढता येते. काटा २८०० पाशी आला, न अडखळता पुढे गेला, ३२००, ३४००, आणि ३५५० वर स्थिर झाला. वेग ६.८ नॉट. पूर्वी पूर्ण थ्रॉटलला ६.७ मिळायचे. वेगात म्हणावा असा फरक नाही, आणि बाबांना तो अपेक्षितही नव्हता. ते मागे वाकून एक्झॉस्टकडे पाहत होते. पाणी उडत होतं, थोडी वाफ होती, धूर नव्हता. पन्नास फेरे अजून हवे होते का, यावर आमचा वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं १५ अंश करावे. बाबांचं म्हणणं, बोट अजून नव्या रंगाची आहे, तळाला शेवाळ धरेल तेव्हा हे ३५५० ही राहणार नाहीत, तेव्हा पुढच्या वेळी जरूर पाहा. मला दोघांचंही पटलं. आम्ही सोळावर थांबलो.

खरी परीक्षा ऑगस्टअखेर झाली. ॲडमिरल्टी इनलेटमधून उत्तरेकडे निघालो होतो. ओहोटी जोरात बाहेर निघालेली, आणि वायव्येचा वारा तिच्या तोंडावर. पॉइंट विल्सनपाशी असं जमलं की आखूड, उभ्या लाटा उठतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, एका लाटेवर चढते न चढते तो दुसरी समोर. हे ठिकाण आम्हाला पूर्वीपासून माहीत होतं. पूर्वी इथे काटा खाली खाली येत असे, तापमानाची सुई वर चढत असे, आणि आम्ही गप्प बसून दोन्हींकडे पाहत असू. या वेळी लाटेत वेग चारच्या खाली आला, पण फेरे ३३०० च्या आसपास टिकून राहिले. थ्रॉटल थोडा मागे घेतला तरी बोट ढकलत होती. नाळ आपटली की वेग मरायचा आणि पुढच्या दोन-तीन लाटांत परत यायचा. पूर्वी तो परत येत नसे. एवढाच फरक, पण सुकाणूवर बसलेल्या माणसाला तो हाताला कळतो.

किंमत मोजली ती आवाजात. सहा नॉटसाठी पूर्वी २४०० पुरायचे, आता तीन हजारांच्या जरासे वर लागतात. केबिनमध्ये बसून पुस्तक वाचणाऱ्याला ते जाणवतं, आईने पहिल्याच दिवशी सांगितलं. इंजिनाच्या खोक्याला आवाज खाणारा जाड फोम नव्याने चिकटवला, त्याने बराच फरक पडला. डिझेलच्या खर्चात मला सांगता येण्याजोगा बदल दिसला नाही. दोन गोष्टी मात्र मागितल्या नसताना मिळाल्या. गिअर टाकल्याबरोबर मंद फेऱ्यांनाही बोट मरीनात पूर्वी उधळायची, ती आता सभ्यपणे चालते. आणि रिव्हर्स घेताना पाठ डावीकडे सरकण्याची खोड थोडी कमी झाली.

त्या हिवाळ्यात एक्झॉस्टचं वाकण काढलं. आतली वाट काजळीने इतकी आवळली होती की करंगळी जेमतेम जाईल. खरवडण्यात अर्थ नव्हता, नवं बसवलं. इंजिनाला आता हवाही मिळते आणि वाटही.

आता दर वसंतात, तळ रंगवून बोट पाण्यात गेल्यावर, पहिल्याच शांत सकाळी जेफरसन हेडपाशी पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा वहीत लिहिते आणि बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवते. उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा एकदा. शे-सव्वाशे फेरे कमी दिसले तर आधी पाणबुड्या, मग डिझेलचा आणि हवेचा फिल्टर, मग केबल, मग वाकण. पिचला सगळ्यात शेवटी हात लावायचा. यंदाचा आकडा ३५६० आहे, आणि बाबांचं उत्तर आलंय की नवऱ्याला सांग, पंधरा अंशांचा विषय पुढच्या वर्षी काढू.